‘तू ये’ आणि ‘येतो’

हे प्रकरण मी हातानं लिहिलेलं नाही. याआधीचीही नाहीत, पण ते सांगायची वेळ आली नव्हती. मी पडवीत खुर्ची टाकून बसते, मोबाइल तोंडासमोर धरते आणि बोलते, तो लिहितो. त्याचंही थोडं माझ्यासारखंच आहे. परवा मी म्हटलं ‘पावसला गेले होते’, म्हणजे पावस गावाला, तर त्यानं लिहिलं ‘पावसाला गेले होते’. रविवारी माझी मुलगी सविता येते, सगळं मोठ्यानं वाचून दाखवते आणि मी सांगेन तिथं दुरुस्त करते. असं करत पुस्तक इथवर आलं. बाकीची प्रकरणं बोलताना मला मजा आली होती. हे बोलायचं म्हणून तीन रविवार गेले. दर वेळी काहीतरी कारण काढलं. आता या वयात टाळायचाही कंटाळा येतो, म्हणून बोलून टाकते.

आमचं गाव संगमेश्वरच्या आतल्या अंगाला, हमरस्त्यापासून दोन डोंगर आत. एसटी खालच्या फाट्यापर्यंत यायची, दिवसातून दोनदा, आणि वळणावर हॉर्न द्यायची तो वर आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ऐकू यायचा. घरात घड्याळ नव्हतं. सकाळचा हॉर्न झाला की गुरं सोडायची, संध्याकाळचा झाला की चूल पेटवायची. घरात आम्ही तिघं: आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान दिनू. बाबा मुंबईत एका कारखान्यात होते. गाववाल्यांच्या खोलीत राहायचे आणि वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. मधल्या भिंतीपलीकडं बाबांचे थोरले भाऊ तात्या आणि आमची काकी. तात्यांचा आवाज असा की त्यांनी पलीकडं पाणी मागितलं तर अलीकडं दिनू उठून तांब्या शोधायचा. आई मात्र कमी बोलायची. तिचा तेव्हाचा आवाज आठवायला गेले तर तो जात्याच्या घरघरीखालून येतो, अर्धाच ऐकू येतो. सकाळी पेज, दुपारी नाचणीची भाकरी आणि आमसूल घातलेली कुळथाची पिठी, बाजार झाला असेल तर सुकट. बाबा आले की तांदळाची भाकरी आणि कोंबडीची सागुती. त्यामुळं बाबा म्हटलं की मला अजूनही आधी खोबरं भाजल्याचा वास येतो आणि मग त्यांचा चेहरा दिसतो.

शाळा म्हणजे देवळाशेजारची एक लांब खोली. चार वर्ग त्यातच आणि गुरुजी एकच. पहिली दोन वर्षं माझं झकास चाललं. गुरुजी धडा वाचायचे, मग सगळी पोरं एका सुरात वाचायची, आणि तिसऱ्यांदा माझी पाळी येईपर्यंत माझा धडा पाठ झालेला असायचा. मी पुस्तक समोर धरायची, ओळीवरून बोट फिरवायची आणि घडाघडा म्हणायची. पाढे पाठ, कविता पाठ, कुणाच्या म्हशीला कधी पारडू झालं तेसुद्धा पाठ. गुरुजी मला हुशार म्हणायचे. घरी आई चुलीपाशी बसायची आणि मी तिला पुस्तक धरून धडे वाचून दाखवायची, तेव्हा ती हातातलं काम सावकाश करायची. तिसरीत एकदा गुरुजी मागून आले आणि त्यांनी पाहिलं की मी वाचतेय तो धडा एक आणि समोर उघडलेलं पान दुसरंच. त्यांनी पान बदललं आणि म्हणाले, हे वाच. मी उभीच राहिले. त्या दिवसापासून मी हुशार राहिले नाही, मी ‘ढ’ झाले.

मंद पोराला आपल्याकडं ढ म्हणतात. एवढ्या मुळाक्षरांतलं नेमकं तेच एक लोकांनी का उचललं कोण जाणे. मला तर ते ओळखूही यायचं नाही. ढ, द, ट, ठ, ह ही सगळी मला एका घरातली भावंडं वाटायची, एकाला हाक मारावी तर दुसरं यायचं. घ आणि ध तसेच, भ आणि म तसेच. लोकांना वाटतं अशा पोरांना अक्षर दिसतच नाही. दिसतं. मला शाईचा डागसुद्धा दिसायचा. पण अक्षर दिसणं आणि त्याचा आवाज कानात उठणं, यांच्यामध्ये इतका वेळ जायचा की पुढचं अक्षर येईतो मागचं निसटलेलं असायचं. मात्रा कुणाच्या डोक्यावरची, उकार कुणाच्या पायातला, हे ठरवताना घाम फुटायचा. एक ओळ वाचली की मला कपाळ दुखून झोप यायची. गुरुजी म्हणायचे, लक्ष नाही. आता मला राग येतो तो याचा. मारल्याचा येत नाही, त्या काळी सगळेच मारायचे. त्या शाळेत माझ्याइतकं लक्ष देऊन पुस्तकाकडं कुणी बघत नसेल, आणि मला रोज ऐकावं लागायचं की हिचं लक्ष नाही.

बाबांचं पत्र महिन्या-दोन महिन्यांनी यायचं. निळं, घडीचं, आंतरदेशीय. ते आईच्या नावावर असायचं, पण आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून पोस्टमन ते तिच्या हातात द्यायचा आणि ती ते तात्यांच्या हातात. तात्या ते खळ्यात उभं राहून वाचायचे. त्यांचा आवाज मी सांगितलाच आहे. सगळी वाडी ऐकायची. ‘पत्रास कारण की’ आलं की समोरच्या घरातली म्हातारी कामाचा हात थांबवायची. पत्र असायचं चार ओळींचं: येथील सर्व क्षेम, गुरांकडे बघणे, दिनूस ताप आला होता तो उतरला असेल, थोरांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद. पण तेही आईला कधी एकटीनं ऐकायला मिळालं नाही. दाराच्या चौकटीला टेकून, पदर सावरून ती ऐकायची आणि वाचून झालं की तात्या पत्र स्वतःच्याच खिशात घालायचे. उत्तर लिहायची पद्धत नव्हती. कुणी मुंबईला निघालं की त्याच्याबरोबर निरोप जायचा, सगळी खुशाली आहे म्हणून.

मी चौथीत गेले त्या वर्षी आईनं एक गोष्ट केली. तिच्या मानानं फारच मोठी. पत्र आलं तेव्हा तात्या नेहमीसारखे हात पुढं करून आले, आणि आई म्हणाली, “आता नको भावोजी. आमची विमल वाचते.”

तात्या हसले. “वाचू दे की. ऐकू तरी.”

“घरात वाचंल,” आई म्हणाली आणि पत्र कमरेला खोचून आत आली. तात्या दोन दिवस आमच्याकडं फिरकले नाहीत.

तिनं दार अर्धं लोटलं, हात धुतले, लुगड्याला पुसले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. “वाच गो बाय,” म्हणाली. तिचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता. तेव्हाच सांगायला हवं होतं की मला येत नाही. दहा वर्षांची होते, सांगता आलं असतं. पण तिनं तात्यांना तोंडावर नाही म्हटलं होतं ते माझ्या जिवावर, आणि मी नुसती मान हलवली असती तरी तिला ते पत्र घेऊन परत त्याच खळ्यात जावं लागलं असतं. मला भीती वाटली आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम. पत्राचा आदि आणि अंत मला पाठच होता. मी तिथून सुरुवात केली आणि मधलं मनानं रचलं. गुरांचं विचारलं, दिनूच्या खोकल्याचं विचारलं. मग मला वाटलं, एवढं दार लोटून ऐकतेय तर तिच्यासाठीही काहीतरी असावं. म्हणून म्हटलं, ‘उन्हातून लाकडाचे भारे आणू नको. आधी पोरांना वाढतेस आणि तुला उरत नाही, तसं करू नको. वेळेवर जेवत जा.’

आई जरा पुढं सरकली आणि म्हणाली, “ते मागलं परत वाच.”

मी परत वाचलं. पाठांतर चांगलं होतं, शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

असं दीड वर्ष चाललं. नऊ-दहा पत्रं आली असतील. दर पत्रात बाबा अधिकाधिक प्रेमळ होत गेले. गावी आले की मात्र ते नेहमीसारखेच असायचे, ओटीवर बसून विडी ओढायचे आणि आईशी बोलायचं झालं तर दिनूला मध्ये घालून बोलायचे: तुझ्या आयेला सांग, पाणी तापव. मला वाटायचं, आता पकडली जाईन. पण पकडलं कुणी नाही, आणि हळूहळू मला त्यात आनंद वाटायला लागला. शाळेत मी कोपऱ्यात अंगठे धरून उभी असायची आणि घरी मी वाचणारी होते. आज सविता म्हणते, आई, तू तेव्हापासूनच लेखिका. तिला गंमत वाटते. मला त्यात गंमत वाटण्याचे दिवस गेले.

त्या वर्षी गणपती होऊन चाकरमानी परत गेले आणि भात पिवळं पडायला लागलं तेव्हा पत्र आलं. गणपतीला बाबांच्या लोखंडी पेटीची कडी तुटली होती, झाकण दोरीनं बांधून ते गेले होते आणि जाताना म्हणाले होते, आता नवीन पेटी घ्यायलाच हवी. हे मी सांगते आहे कारण माझ्या डोक्यात ते होतं. पत्र उघडलं तर आत नेहमीपेक्षा कमी मजकूर. दोनच ओळी, आणि अक्षर मोठं, सुटं. त्यामुळं मला उमेद आली. मी ठरवलं, आज खरंच वाचायचं. मनानं रचायचं नाही. ‘पत्रास कारण की’ सापडलं. त्यापुढचा शब्द प-नं सुरू होत होता आणि त्याच्या डोक्यावर मात्रा होती. पे. पुढं ट. पेटी. मला केवढा आनंद झाला. मधला एक शब्द फार लांब होता, तो सोडला. ओळीच्या शेवटी दोन लहान अक्षरं होती. एक त होता आणि एक य होता. कोण आधी आणि कोण नंतर हे बघता बघता ते जागा बदलत होते, पण अर्थ सरळ होता. पेटी आहे म्हणजे माणूस ती घेऊन येणार. मी म्हटलं, “पेटी घेतली आहे. घेऊन येतो.”

“येतो?” आई म्हणाली. “आता? भात कापायच्या वक्ताला?”

“येतो असंच लिहिलंय,” मी म्हटलं. आणि तिला बरं वाटावं म्हणून पुढं माझं जोडलं, ‘तू एकटी किती करणार.’

बाबा कापणीला कधीच आले नव्हते. रजाच मिळायची नाही. आईनं दुसऱ्याच दिवशी खळं सारवलं. पेंढ्या रचायच्या वळईतलं जुनं गवत काढून ती जागा झाडली. भात कापायला ती आणि काकी आणि दोन बाया. आई पहाटे जायची, कंबर धरून घरी यायची आणि त्यावरही संध्याकाळच्या हॉर्नला खळ्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. फाट्यावरून चढून येणारा माणूस तिथून दिसतो. पहिल्या झोडणीचं भात तिनं वेगळं काढून भिजवलं, भाजलं आणि पोहे कांडले. दिवाळीला नव्या भाताचे पोहे सगळ्याच घरांत होतात, पण तिनं त्या वर्षी जरा जास्तच कांडले. उखळाचा तो आवाज, आणि मध्येच तिचं गुणगुणणं. मी आईला गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं. काकी भिंतीपलीकडून म्हणायची, “आज काय गो, लगीन हाय का?” आई हसायची.

पंधरा-वीस दिवसांनी दुसरं पत्र आलं, आणि ते बाबांच्या अक्षरात नव्हतं. एवढं मलाही कळलं. बारीक, तिरकं, एकात एक गुंतलेलं अक्षर. मी ते उलटसुलट करून बघितलं. त्यातला एकही शब्द मला ओळखू येत नव्हता. आई हात पुसत विचारत होती, “कवा येतो म्हणतो?” मी म्हटलं, “दिवाळीला. जरा उशीर होईल.” पहिलं पत्र मी चुकीचं वाचलं होतं. दुसरं मी वाचलंच नाही. या दोन्हींत फरक आहे आणि तो मला तेव्हाही कळत होता. मी ते पत्र घेऊन गुरुजींकडं गेले असते, पोस्टमनला वाटेत गाठलं असतं, तर बाबांना उशिरा का होईना घरचं माणूस दिसलं असतं. मी गेले नाही, कारण मग मला येत नाही हे उघडं पडलं असतं. माझ्या या अडचणीला नाव आहे हे आता मला ठाऊक आहे, पण ही गोष्ट त्या नावात बसत नाही. ती माझी आहे.

बाबा दिवाळी होऊन आठवड्यानं आले. सकाळच्या एसटीनं. आई खळ्यात पाखडत होती. तिनं मान वर केली तर वाटेवरून एक वाकलेला माणूस पोटावर हात धरून, दर दहा पावलांवर थांबत येत होता. हातात एक कापडी पिशवी. ओळखायला तिला वेळ लागला. सूप टाकून ती पुढं गेली, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, “पेटी कुठाय?”

“कसली पेटी?” बाबा म्हणाले.

ते ओटीवर बसले. तात्या आणि काकी आवाज ऐकून आलेच. बाबा पाणी प्यायले, मग बटणं सोडून त्यांनी शर्ट वर केला. बेंबीच्या बाजूला वीतभर टाक्यांची रेघ होती, अजून लालसर. आतड्याला गाठ झाली होती, म्हणाले. डॉक्टरनं सांगितलं, घरचं माणूस बोलवून घे. “खोलीतले सगळे पाळीला जाणारे. त्यांना म्हटलं, तुम्ही सुट्या पाडू नका, मी घरी लिहिलंय, बायको येईल. पंधरा दिवस खाटेवर होतो. तिथून वॉर्डातल्या एकाकडून दुसरं पत्र लिहून घेतलं. बाजूच्या खाटेवरच्यांना भेटायला रोज कुणी ना कुणी यायचं. सिस्टर विचारायची, तुमचं कुणी नाही का. मी म्हणायचो, गाव लांब आहे, निघाली असेल.” हे सगळं ते तात्यांकडं बघून सांगत होते. मग पहिल्यांदाच आईकडं बघितलं. “पत्र मिळालं नाही का? पोस्टमन आता वाटेत भेटला. तो म्हणतो, दोन्ही पत्रं वहिनींच्या हातात दिली.”

आईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

“मी काय मोठं लिहिलं होतं? पोटाचं ऑपरेशन ठरलंय, तू ये. एवढंच.”

पोट आणि पेटी. तू ये आणि येतो. आईला अक्षर येत नव्हतं, पण कान होते. तिनं दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. मी चौकट धरून उभी होते, आणि मला लघवी होईल की काय असं वाटत होतं. तिनं नुसतं ‘हिनं चुकीचं वाचलं’ म्हटलं असतं तरी झालं असतं. बाबांनी मला मारलं असतं, चार दिवस सगळे माझ्या नावानं ओरडले असते, आणि विषय संपला असता.

“मिळाली पत्रं,” आई म्हणाली.

“मग?”

“भात उभं व्हतं. टाकून कशी येऊ?”

बाबांनी शर्ट खाली केला, एकेक बटण लावलं. तात्या म्हणाले, “बघ बाबा. नवऱ्यापरीस भात मोठं.” काकीनं तोंडाला पदर लावला. तात्यांच्या आवाजात ते वाडीभर गेलं आणि पुढं कितीतरी वर्षं बायका पाणवठ्यावर आईला ते वाक्य ऐकवायच्या. आईनं बाबांना पोहे दिले. त्यांनी थोडे खाल्ले आणि ताटली सरकवली.

आईनं मला मारलं नाही. विचारलंही नाही. मी दोन दिवस तिच्या मागं मागं होते, ती विचारेल म्हणून. तिनं मला भाकरी वाढली, वेणी घातली, बस्स. शिमग्यानंतर बाबांचं पत्र आलं तेव्हा पोस्टमन आमच्या दाराशी थांबला नाही, पुढं तात्यांकडं गेला. त्यावर तात्यांचं नाव होतं. तेव्हापासून बाबा निवृत्त होऊन गावी येईपर्यंत सगळी पत्रं तात्यांच्या नावानं आली, आणि आई परत चौकटीला टेकून ऐकायला लागली. म्हातारपणी दोघं चांगली राहिली, असं लोक म्हणतात. राहिली. पण कधी ताप आला तर बाबा आईला कपाळाला हात लावू द्यायचे नाहीत. ‘तुझी कामं असतील’ म्हणायचे. चिडून नाही, साध्या आवाजात. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी त्यांना सांगितलं नाही. लहानपणी भीतीनं, मोठेपणी लाजेनं, आणि शेवटी शेवटी असं वाटलं की आता सांगून या दमलेल्या माणसाला आणखी कशाला दमवायचं.

माझी शाळा सातवीत सुटली. रत्नागिरीला आले, आंब्याचा रस डब्यात भरणाऱ्या कारखान्यात लागले. तिथं वाचायचं काही नव्हतं. फळ हातात घेतलं की ते उद्याचं की परवाचं हे मी डोळे मिटून सांगायची, मुकादम इतर बायांना माझ्याकडं पाठवायचा. सही करायला शिकले ती चित्र काढायला शिकतात तशी. बाकी कुठंही कागद पुढं आला की मी म्हणायची, चष्मा घरी राहिला. चाळीस वर्षांची होईपर्यंत मला चष्माच नव्हता. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर आठ वर्षांनी कळलं, आणि तो चांगला माणूस होता म्हणून पुढं कुणाला कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सविताची मुलगी ओवी तिसरीत होती. गोष्ट सांगायला बसली की थांबत नाही, आणि पुस्तक दिलं की पोट दुखतं. शाळेतून चिठ्ठी आली, तपासून घ्या. मुलांच्या शिकण्याच्या अडचणी तपासणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडं सविता तिला घेऊन गेली आणि मी सोबत. बाईंनी तिच्याकडून वाचून घेतलं, ऐकून घेतलं, खेळ खेळवले, आणि मग आम्हाला आत बोलावून समजावलं. मुलगी हुशार आहे. अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ तिच्या डोक्यात उशिरा पडते. याला डिस्लेक्सिया म्हणतात. हा आळस नाही, डोळ्यांचा दोष नाही, औषध नाही. शिकवायची पद्धत वेगळी लागते, वेळ जास्त लागतो, आणि पुष्कळदा हे घराण्यात चालत येतं. सविता वहीत लिहून घेत होती. मी खुर्चीवर बसून माझंच आयुष्य कुणीतरी वाचून दाखवतंय तसं ऐकत होते. शेवटी मी विचारलं, हे मोठ्यांनाही असतं का. बाई माझ्याकडं बघून हसल्या. त्यांना कळलं असावं. म्हणाल्या, “आजी, असतं ना. आणि यात चूक कुणाचीच नसते.” बाहेर आल्यावर सविता रडली. मला रडू आलं नाही. मी फक्त फार थकले होते, बाकावर बसले ते उठवेना. एवढंच होतं होय, असं वाटत राहिलं. एक शब्द होता त्याला, आणि तो इतकी वर्षं कुठं होता?

पुढच्या आठवड्यात मी गावी गेले. आई दिनूकडं असते. पंच्याऐंशीच्या पुढं आहे, डोळे गेलेत, कान शाबूत. मी तिच्या खाटेशी बसले आणि ओवीचं सांगितलं, मग माझं सांगितलं. म्हटलं, आये, मला वाचता येत नव्हतं. ती पत्रं मी मनानं सांगत होते. पन्नास वर्षांहून जास्त काळ पोटात ठेवलेलं वाक्य, तोंडातून सरळ निघालं.

“म्हाईत हाय,” आई म्हणाली.

“कधीपासून?”

“पैल्या पत्रापासून. भावोजी वाचायचे तवा एवढंसं पत्र. तू वाचायला लागलीस तर सरता सरंना.” ती थोडी हसली, मग थांबली. “आणि तुजा बापूस कवा ‘वेळेवर जेवत जा’ म्हणणारा व्हता का? माज्यासमोर म्हणाला नाय, तो मुंबैवरनं लिवणार?”

मी विचारलं, “तर दुसऱ्या कुणाकडून का वाचून घेतलं नाहीस?”

“तुजं गोड लागायचं,” ती म्हणाली. “खोटं असलं तरी माज्याशी कोण बोलत व्हतं तसं? खरं काय हाय ते भावोजींकडं जाऊन ऐकू, आज ऐकू, उद्या ऐकू, असं करत ऱ्हायले. आणि त्या वक्ताला तू ‘येतो’ म्हणालीस, तवा मनात म्हटलं, एवढं तरी खरं असंल. माजं मलाच तसं पायजे व्हतं.”

म्हणून तिनं माझं नाव सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं तिनं मला वाचवलं. तिच्या मनात ती शिक्षा तिची होती.

मी तिचा हात धरला. म्हटलं, आये, त्या बाईंनी नीट सांगितलंय, यात चूक कुणाचीच नसते. तुझी नाही, माझी नाही.

“त्या बाईला काय म्हाईत,” आई म्हणाली. तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं. “तो तिकडं एकटा पडला व्हता नि मी हिकडं खुशीत व्हते. आख्ख्या जल्मात तेवढी खुशीत मी कवा नव्हते.”